देऊळ कुणी बांधले हे विचारण्याआधी दगड कोणता ते पाहा

१/
#धागा
करमाळा शहरालगत श्रीदेवीचा माळ आहे आणि त्या माळावर कमलाभवानीचे विस्तीर्ण देवालय. समाजमाध्यमांवरील या देवळाच्या चित्रफितींखाली दोन शब्द हमखास आढळतात: ‘हेमाडपंती’ आणि ‘प्राचीन’. वास्तविक हे देवालय अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, निजामाच्या बाजूचे मातब्बर सरदार रावरंभा निंबाळकर यांनी उभारले. ज्या हेमाद्रीपंडिताच्या नावावरून ‘हेमाडपंती’ हा शब्द आला, तो देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. दोघांमध्ये सुमारे साडेचारशे वर्षांचे अंतर आहे.

२/
ही चूक एका देवळापुरती नाही. काळा दगड दिसला की आपली नजर थांबते. काळे ते जुने, जुने ते हेमाडपंती, असा हा सोपा हिशेब आहे. या धाग्यात मला एवढेच मांडायचे आहे की दख्खनच्या इतिहासात दगड हे ताम्रपट किंवा बखर यांच्या तोडीचे साधन आहे. ते वाचता यावे इतके खडकांचे ज्ञान प्रत्येक इतिहासप्रेमीला हवे. आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली हे साधन पुसले जात असताना आपण गप्प राहणे योग्य नाही.

३/
प्रथम खडकाची ओळख. पश्चिमेस भीमा आणि पूर्वेस सीना, यांच्यामध्ये करमाळा तालुका वसला आहे. या दुआबाखाली जो खडक आहे, तोच सह्याद्रीचा, तोच अजिंठ्याचा आणि तोच मुंबईचा: बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या भेगांतून लाव्हा वारंवार बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी झाकलेला आहे. थरांची जाडी पश्चिमेकडे सर्वाधिक असून पूर्वेकडे ती घटत जाते. घाटाच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे हेच थर.

४/
लाव्हा उघड्यावर लवकर थंड झाला, म्हणून त्यातील खनिजांचे कण बारीक राहिले. ते साध्या डोळ्यांना क्वचितच वेगळे दिसतात. त्यात मुख्यतः दोन खनिजे असतात: फिकट रंगाचे फेल्डस्पार आणि गडद रंगाचे पायरॉक्सीन. जोडीला लोहाची ऑक्साइडे. काळेपणा आणि जडपणा येतो तो या लोहयुक्त खनिजांमुळे. याउलट ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर सावकाश थंड होतो, त्यामुळे त्याचे गुलाबी, पांढरे, काळे दाणे सहज दिसतात. हम्पीच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या, करमाळ्याचा माळ बेसॉल्टचा. एवढा फरक ओळखता आला तरी पुष्कळ काम झाले.

५/
आता या गुणांचा इतिहासाशी संबंध पाहू. घट्ट बेसॉल्टचा एक घनफूट तुकडा सुमारे ८० किलो भरतो. बैलगाडीच्या काळात असा दगड दूरवरून आणणे फार खर्चाचे होते. म्हणून सामान्य नियम असा की बांधकामाचा दगड जवळचा असतो आणि जवळपास त्याची खाण असते. गिरिदुर्गांवर तर पाण्याचे टाके हीच पुष्कळदा तटबंदीची खाण असे. खोदलेला दगड वर लागे आणि खड्ड्यात पाणी साठे. भोवतालच्या खडकाशी न जुळणारा दगड एखाद्या वास्तूत दिसला, की मग थांबावे. तो कुणी, कुठून आणि का आणला, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

६/
दगड कलेचेही स्वरूप ठरवतो. होयसळांनी बेलूर-हळेबीडला जी जाळीसारखी नाजूक कलाकुसर केली, ती मऊ शंखजिऱ्याच्या जातीच्या दगडात. तो खाणीतून काढल्यावर सहज कोरता येतो. आपल्या पाथरवटांच्या वाट्याला कठीण बेसॉल्ट आला. त्यावर टाकी बसवायची तर प्रत्येक घावाला जोर लागतो आणि चूक झाली तर दुरुस्ती नाही. महाराष्ट्रातील देवळे ‘कर्नाटकाइतकी कोरीव नाहीत’ असा शेरा आपण सहज मारतो. त्यात कारागिराच्या कुवतीचा न्याय करताना त्याच्या हातातील दगडाची कठीणता आपण विसरतो.

७/
शिवाय सगळा बेसॉल्ट सारखा नसतो, आणि हे विहीर खणणाऱ्यांना भूशास्त्राची पदवी न घेता ठाऊक आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग सच्छिद्र आणि पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, त्याखाली अभंग काळा पाषाण. दोन थरांमध्ये कधी लालभडक गेरूचा पट्टा. मांजऱ्यातील छिद्रे म्हणजे लाव्हातील वायूचे बुडबुडे. गेरूचा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधील उसंत. पहिला थर हवापाण्याने कुजून त्याची माती होत असताना दुसरा लाव्हा येऊन तिच्यावर पसरला.

८/
म्हणूनच जुनी बारव हे भूशास्त्राचे उघडे पुस्तक असते. कमलाभवानीच्या परिसरातील बारव शहाण्णव पायऱ्यांची म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे जाणारे पायऱ्या मोजतात. त्याच वेळी बांधीव भाग कुठे संपतो आणि मूळ खडक कुठे सुरू होतो, हेही पाहावे. करमाळा शहरासाठी निंबाळकरांनी दक्षिणेकडील विहिरींमधून जमिनीखालच्या नळाने पाणी आणले होते, याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांत आहे. कोणत्या खडकातून पाणी झिरपते आणि कोणता खडक ते अडवून धरतो, याची जाण असल्याखेरीज अशी योजना उभी राहत नाही. ती जाण ज्यांच्याकडे होती, त्यांची नावे मात्र कुठे नाहीत.

९/
मग मूळ प्रश्न. सहा कोटी वर्षांचा दगड देवळाचे वय सांगू शकत नाही. ते सांगतात दगडाचे सांधे. यादवकालीन आणि त्याआधीच्या देवळांत घडीव चिरे एकमेकांत खाचा करून, चुन्यावाचून, स्वतःच्या भारावर बसवलेले दिसतात. मराठेशाहीतील देवळांत चुन्याचा मुक्त वापर होतो. जोते आणि भिंती दगडाच्या, तर शिखर पुष्कळदा विटांचे, वरून चुन्याचा गिलावा आणि त्यात घडवलेल्या मूर्ती. उंच दीपमाळाही याच काळाची खूण. कमलाभवानीच्या आवारात उभे राहून आधी दीपमाळांकडे आणि गोपुरासारख्या प्रवेशद्वारांकडे पाहिले, तर ‘हेमाडपंती’ हा शब्द ओठांवर येणार नाही.

१०/
चुन्याचीही एक कथा आहे. बेसॉल्टच्या प्रदेशात चुनखडकाचे डोंगर नाहीत. मग एवढा चुना आला कुठून? नदीकाठच्या गाळात आणि काळ्या मातीखाली चुनखडीचे पांढरट खडे तयार होतात. शेतकऱ्याला ते नकोसे, गवंड्याला हवेसे. ते वेचून भट्टीत भाजायचे, विझवायचे आणि वाळूसह घाणीत मळायचे. किल्ल्यांवर दिसणारा गोलाकार चर आणि त्यातले दगडी चाक म्हणजे हीच चुन्याची घाणी. पुष्कळ फलकांवर तिचा उल्लेखही नसतो, आणि पर्यटक तिच्या चाकावर बसून छायाचित्र काढून पुढे जातात.

११/
‘हेमाडपंती’ या शब्दाचा घोटाळा दोन्ही बाजूंनी आहे. करमाळ्याचे देऊळ हेमाद्रीनंतर साडेचार शतकांनी झाले. अंबरनाथचे शिवमंदिर त्याच्या दोन शतके आधीचे. अंबरनाथच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आहे आणि ते शिलाहारांचे काम. तरीही दोन्ही वास्तूंना लोक एकाच नावाने ओळखतात. एका शब्दात सात शतके बसवली, की शिलाहार, चालुक्य, यादव, निंबाळकर सगळे पुसट होतात. हेमाद्रीचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. बाकीच्यांचा मात्र हरवतो.

१२/
असाच दुसरा शब्द ‘गंडकी शिळा’. महाराष्ट्रातील अनेक देवतांच्या मूर्ती गंडकी शिळेच्या आहेत, असे सांगितले जाते. गंडकी ही नेपाळातून येणारी नदी. तिच्या पात्रात मिळणारे शाळिग्राम म्हणजे काळ्या गाळाच्या खडकात जतन झालेले समुद्री जीवांचे अवशेष. शाळिग्रामाचे चक्र हे त्या जीवाच्या कवचाचे वळण. एवढ्या दुरून मोठी शिळा आणली असे म्हणायचे, तर दगडाची परीक्षा हवी. माझ्या मते पुष्कळ ठिकाणी ‘गंडकी’ हा शब्द दगडाची जात सांगत नाही, त्याचे पावित्र्य सांगतो. भक्ताने तो त्या अर्थाने जरूर वापरावा. इतिहासलेखकाने मात्र तो खाणीचा पत्ता समजू नये.

१३/
आतापर्यंत वास्तू पाहिल्या. आता त्याच खडकाच्या पोटात डोकावू. लाव्हातील बुडबुड्यांच्या रिकाम्या पोकळ्यांत पुढे लाखो वर्षे खनिजयुक्त पाणी झिरपले आणि तिथे नवी खनिजे स्फटिकरूपाने जमली. पारदर्शक किंवा दुधी गारगोटी. मेणासारखी चमक असलेला कॅल्सेडनी. त्याचाच पट्टेदार प्रकार अकीक, त्यात काळे-पांढरे पट्टे असले तर सुलेमानी. लाल-पिवळा अपारदर्शक जास्पर. आणि झिओलाइट या गटातील नाजूक, पांढरे, गुलाबी, कधी हिरवे स्फटिक. पहिली चारही नावे मुळात एकाच द्रव्याची, सिलिकाची, रूपे आहेत.

१४/
ती ओळखावी कशी? जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये दिलेली कठीणतेची १ ते १० ही श्रेणी आजही उपयोगी आहे. नखाची कठीणता सुमारे २.५, काचेची सुमारे ५.५, गारगोटीची ७, हिऱ्याची १०. काचेवर ओरखडा उठला तर ती गारगोटीच्या जातीची असण्याचा संभव मोठा. दिसायला तसेच असणारे कॅल्साइट मात्र ३ वरच थांबते आणि सौम्य आम्लाच्या थेंबाने फसफसते. हे प्रयोग वाटेवरच्या खड्यावर करावेत. देवळावर, मूर्तीवर किंवा तटावर कधीही करू नयेत.

१५/
या फुकट मिळणाऱ्या खड्यांवर महाराष्ट्रातील पहिली शेतकरी संस्कृती उभी राहिली. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम तेथे उत्खनन केले. इ.स.पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ती वस्ती. तांबे दुर्मीळ होते, म्हणून रोजच्या कामाची पाती कॅल्सेडनीची. या दगडाला नेमका दाब दिला की सुरीसारखी लांब, धारदार कपची निघते. बेसॉल्टला ती धार येत नाही. दळायला बेसॉल्ट आणि कापायला कॅल्सेडनी, ही निवड साडेतीन हजार वर्षांपूर्वी पूर्ण विचारांती झालेली होती.

१६/
पुढे हेच खडे जगाच्या बाजारात गेले. इ.स. पहिल्या शतकातील एका अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्याचे ‘पेरिप्लस’ हे सागरी प्रवासाचे टिपण प्रसिद्ध आहे. पैठणहून सुलेमानी जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर आणि तगरहून नाना प्रकारचे कापड, बिकट वाटांवरून गाड्यांनी भडोच बंदरात येते, असे तो नोंदवतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, सोलापूरच्या शेजारचेच. तेरच्या संग्रहालयात गेलात तर मातीच्या मूर्तींपाशी रेंगाळा, पण मण्यांपाशीही थांबा. सातवाहनकालीन व्यापाराचा तो सर्वांत लहान आणि सर्वांत टिकाऊ पुरावा आहे.

१७/
लालबुंद अकीक निसर्गात नेहमी तसाच मिळत नाही. फिकट, तपकिरी कॅल्सेडनी उन्हात वाळवून मंद आचेवर भाजला, की त्यातील लोहसंयुगांचे रूपांतर होऊन रंग लाल होतो. गुजरातेतील खंबातचे कारागीर हे तंत्र आजही जपून आहेत, आणि हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांनाही ते अवगत होते. तेव्हा मणी म्हणजे नुसता ‘सुंदर खडा’ नव्हे. त्यात दगडाची निवड आहे, आगीवरचा ताबा आहे, इवलेसे भोक पाडण्याची चिकाटी आहे. ज्याने तो घडवला त्याचे हे हस्ताक्षरच.

१८/
आता मौल्यवान रत्ने. माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या, या नवरत्नांपैकी एकही आपल्या बेसॉल्टमध्ये सापडत नाही. हिरे कृष्णा-गोदावरीच्या पूर्वेकडील खोऱ्यांतून, माणिक ब्रह्मदेशातून, नीलम सिंहलद्वीपातून, मोती आणि पोवळी तर समुद्रातून येत. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात रत्नांच्या परीक्षेचे सविस्तर विवेचन आहे. त्याची राजधानी सोलापूरपासून फार दूर नव्हती. दूरची रत्ने राजाच्या कोशात, जवळचे खडे सामान्यांच्या गळ्यात. अलंकारातील दगड ओळखता आला, तर त्या समाजाची उतरंड आणि व्यापाराच्या वाटा दोन्ही दिसू लागतात.

१९/
जवळचे आणि दूरचे, हा भेद अजिंठ्यात एकाच भिंतीवर भेटतो. तिथला लाल-पिवळा रंग गेरू आणि पिवळ्या मातीचा. हिरवा रंग एका हिरव्या मातीचा. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये अशी हिरवी खनिजे मिळतात. निळा रंग मात्र लाजवर्दाचा. तो दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणीतून येई. पाचव्या शतकातील एका चित्रात डोंगराखालची माती आणि शेकडो कोसांवरचा दगड शेजारी शेजारी बसले आहेत. दख्खनचे पठार जगापासून तुटलेले नव्हते, हे सिद्ध करायला तो निळा रंग पुरेसा आहे.

२०/
झिओलाइट हे नाव स्वीडिश खनिजतज्ज्ञ क्रोनस्टेड यांनी १७५६ मध्ये दिले; तापवल्यावर हा दगड उकळल्यासारखा फसफसतो, म्हणून ग्रीक भाषेत ‘उकळता दगड’. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील झिओलाइट आणि त्यांच्या सोबतचे ॲपोफिलाइट आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वाघोलीच्या खाणीतील निळाशार कॅव्हनसाइट तर संग्राहकांचा लाडका. सिन्नरचे ‘गारगोटी’ हे संग्रहालय खास याच स्फटिकांसाठी आहे. शाळेच्या सहली तिथे अवश्य जाव्यात. गावच्या खाणीतून खडी होऊन रस्त्यावर पडणारी वस्तू परदेशी काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवलेली असते, हे मुलांना कळायला हवे.

२१/
आता ज्यासाठी हा सारा प्रपंच, त्या मुद्द्यावर येतो. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपण माणसाच्या जीवनाला लावतो. ते घाव घालणारा हात कुणाचा होता? शिलालेखात राजाचे नाव येते, बखरीत सरदाराचे, गॅझेटिअरात जहागीरदाराचे. पाथरवट, वडार, बेलदार, चुना मळणारे आणि भट्टी लावणारे यांचे नाव क्वचितच कुठे येते. त्यांचा पुरावा उरतो तो दगडाच्या पृष्ठभागावर: टाकीच्या तिरप्या रेघा, चिऱ्यावर कोरलेली एखादी खूण, पाचरी ठोकण्यासाठी पाडलेल्या भोकांची ओळ. निरक्षर ठेवलेल्या समाजांनी लिहिलेला हा एकमेव दस्तऐवज आहे.

२२/
आणि तोच आज वेगाने नष्ट होत आहे. आधी दगडाला भडक तैलरंग दिला जातो. त्याने दगडातील ओल आत कोंडते आणि खुणा बुजतात. मग कुणाला मूळ काळेपण हवेसे वाटते, तेव्हा वाळूचा दाबयुक्त मारा करून रंग उडवला जातो. त्यात टाकीच्या रेघा आणि उथळ अक्षरे रंगासोबतच झडतात. चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरले जाते. ते ओल बाहेर पडू देत नाही, आणि ती शेजारच्या वीट-दगडातून वाट काढत त्यांनाच पोखरते. शेवटी जुन्या फरसबंदीवर परप्रांतातील चकचकीत ग्रॅनाइट बसतो. हे सारे सद्भावनेने, वर्गणी काढून, उत्साहात होते.

२३/
यावर आक्षेप येतो: देऊळ हे संग्रहालय नव्हे, ते गावाचे आहे, ते गळत असेल तर गावाने पाहत बसायचे काय? आक्षेप रास्त आहे. जिवंत देवळाची दुरुस्ती झालीच पाहिजे आणि ती करण्याचा पहिला हक्क गावाचाच. मूर्तीवर शेंदूर चढवणे हाही उपासनेचा भाग असून त्याला स्वतःचा इतिहास आहे. त्याची तुलना भिंतीवरच्या तैलरंगाशी करू नये. मागणी एवढीच की दुरुस्ती चुन्याने व्हावी, रंग काढायचा तर जाणकाराच्या देखरेखीखाली सौम्य उपायांनी काढावा, आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. यातील शेवटच्या कामाला एक भ्रमणध्वनी आणि एक दुपार पुरते.

२४/
दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो: इतिहास कागदावर लिहिला जातो, दगड हा भूशास्त्राचा विषय. राजवाड्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले आणि कागदपत्रे जमवण्याची जी शिस्त घालून दिली, तिच्यावर मराठ्यांचा इतिहास उभा आहे. ते ऋण कधी फिटणार नाही. पण कागद मुख्यतः दरबार, महसूल आणि वतन यांचे बोलतो. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही मोडी वाचायला शिकतो. खडक वाचायला कुणी शिकवत नाही. सांकलियांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी दाखवलेली ती दुसरी वाट अजूनही वर्गाबाहेरच आहे. ती अभ्यासक्रमात यायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

२५/
दगड काय सोसतो आणि काय नाही, याचे उदाहरण करमाळ्याच्या पलीकडच्या तीरावर आहे. उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ बुडाले. दुष्काळी वर्षात पाणी ओसरले की ते वर येते आणि पाहणाऱ्यांची रीघ लागते. दशकानुदशके पाण्यात राहूनही घट्ट बेसॉल्टचे चिरे जागेवर आहेत. धरणाच्या पाण्याने जे केले नाही, ते एका उन्हाळ्यातील बेफिकीर गर्दी करू शकते: नावे कोरणे, वीरगळ हलवणे, कोरीव तुकडा ‘आठवण’ म्हणून घरी नेणे.

२६/
तेव्हा पुढच्या वेळी कोणत्याही जुन्या वास्तूत गेलात, तर इतके करा:
• दगड घट्ट की सच्छिद्र, आणि भोवतालच्या खडकाशी जुळतो का, ते पाहा.
• सांध्यात चुना आहे, सिमेंट आहे की काहीच नाही, ते नोंदवा.
• वीट कुठून सुरू होते ते पाहा.
• टाकीच्या खुणांचे छायाचित्र तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या.
• खाण, चुन्याची घाणी, भट्टी यांच्या जागा गावातील वडीलधाऱ्यांना विचारा.
• पांढरीच्या टेकाडावर मणी किंवा पाते दिसले तर उचलू नका. जागेसह छायाचित्र घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून हललेला मणी पुरावा राहत नाही, त्याचा नुसता खडा होतो.

२७/
कमलाभवानीच्या देवळाला प्राचीन म्हटल्याने त्याचे वैभव वाढत नाही. अठराव्या शतकात, निजाम आणि मराठे यांच्या ओढाताणीच्या काळात, एका सरदाराने दक्षिणेकडील वळणाची गोपुरे आणि मराठी वळणाच्या दीपमाळा एकत्र आणल्या आणि करमाळ्याच्या माळावर असंख्य अनाम हातांनी त्या दगडात उभ्या केल्या, ही खरी हकीकत ‘हजार वर्षांपूर्वीचे’ या शब्दांपेक्षा कितीतरी भरीव आहे.

आपापल्या गावातील जुन्या वास्तूच्या दगडाचे, सांध्याचे, टाकीच्या खुणांचे छायाचित्र खाली जोडा. देवाचा किंवा राजाचा फोटो नको. भिंतीचा, अगदी जवळून घेतलेला हवा.

(समाप्त)